ओळंब्याचा कठडा वाजतो

लोकांना वाटतं, त्याला ओळंबा हे नाव त्यांनी ठेवलं. खरं तर ते त्याने स्वतःच स्वतःला ठेवून घेतलं होतं. खांब सरळ उभा आहे की नाही हे बघायला दोरीला बांधून सोडतात ते वजन म्हणजे ओळंबा, आणि ते त्याच्या सामानाच्या पिशवीत कायम असे. एकदा चहाच्या दुकानात कुणीतरी त्याच्या उंचीवरून काही बोललं, तेव्हा हा म्हणाला, "अहो, मी ओळंबाच आहे. फरक एवढाच, ओळंब्याला खाली वजन असतं. मला ते कुठेच नाही. ना अंगात, ना शब्दाला." लोक हसले आणि नाव चिकटलं. दुसऱ्याने टिंगल करण्याआधी आपणच करून टाकावी, म्हणजे माप तरी आपल्या हातात राहतं, असं त्याचं धोरण होतं.

त्याचं लोखंडी आणि स्टीलच्या कामाचं दुकान होतं. दारं, जाळ्या, जिने, कठडे. वेल्डिंग तोच करायचा, घासायचा तोच, बसवायलाही तोच जायचा. काम असं सरळ, की काटकोन तपासायचा गुण्या लावून बघणाऱ्यालाच स्वतःच्या गुण्याची शंका यावी. गिऱ्हाईक म्हणे, जरा नक्षी करा की. हा म्हणे, नक्षीत धूळ बसते. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्याला नक्षी येईना म्हणून धूळ वाईट होती.

लेक शाळेत होती तेव्हा एकदा दुकानात आली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जाळ्या, दारं, कठडे तिने नीट बघून घेतले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही फक्त तुरुंगच बनवता का?" हा किस्सा तो पुढे भेटेल त्याला सांगत असे आणि ऐकणाऱ्यापेक्षा जास्त स्वतः हसत असे. पण तो त्याला लागला होता. नाहीतर माणूस तोच किस्सा इतक्या वर्षांत विसरून गेला असता.

बायको गेली तेव्हा लेक कॉलेजात होती. मग घरात दोघंच. "जेवलीस का" आणि "जेवलात का" एवढ्या दोन वाक्यांवर त्या घराने बरीच वर्षं काढली, आणि चांगली काढली. पुढे तिचं लग्न झालं आणि ती गावाच्या टोकाच्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायला गेली. नवरा कामासाठी महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी. घरात ती आणि तिची सासू.

मुलीच्या घरी नुसतं कसं जायचं, हे ओळंब्याला कधी कळलंच नाही. काम असलं की तो जाई. सुरुवातीला बरं चाललं होतं, कारण तिथल्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी सारखी सैल व्हायची. लेकीचा फोन यायचा, हा पिशवी घेऊन जायचा, स्क्रू आवळायचा, चहा प्यायचा, यायचा. आपण आवळलेला स्क्रू पुन्हा सैल होतो याची त्याला भयंकर लाज वाटे. शेवटी त्याने तिथे आरपार बोल्ट घातले आणि मागून ठोकून टाकले. आता हत्ती आला तरी ती बिजागरी हलणार नव्हती. त्यानंतर वर्षभर त्याला त्या घरी जायला कारण मिळालं नाही.

मग कळलं, लेकीला दिवस गेलेत. आणि तिच्या खोलीबाहेरच्या गच्चीचा जुना कठडा गंजलाय. ओळंबा फोनवर म्हणाला, "मी करतो." दुसऱ्या कुणाला करू देणारा तो माणूसच नव्हता.

या कठड्याने त्याचं डोकं फिरवलं. सरळ गज घालून चार दिवसांत झालं असतं. पण रात्रंदिवस एकच विचार, की हा तुरुंग दिसता कामा नये. शेवटी या आयुष्यभराच्या काटकोनी माणसाने स्टीलचे पाइप कापले ते लहानमोठे. एक कमरेच्या वर, पुढचा त्याहून जरा उंच, पुढचा छातीएवढा, मग पुन्हा उतरत उतरत. समोरच्या डोंगराची रेघ जशी वरखाली होते तसे ते शेजारी शेजारी उभे केले. दोन आडव्या पट्ट्यांनी बांधले, पण वरची तोंडं मोकळी सोडली. खालचीही फरशीपासून थोडी उचलून मोकळीच, म्हणजे पावसाचं पाणी वरून येईल आणि खालून जाईल. वरचं प्रत्येक तोंड तिरकं कापलं आणि घासून घासून असं चकचकीत केलं की बोट फिरवलं तर पाण्यावरून फिरवल्यासारखं वाटावं. बसवून झाल्यावर तो गच्चीच्या दारात उभा राहिला आणि लाज वाटेल इतका वेळ बघत राहिला. लेक म्हणाली, "बाबा, हा तुम्ही केलाय?" त्यावर तो म्हणाला, "नाही, चुकून झालाय." पण घरी जाताना त्याची चाल बदलली होती.

बाळ झालं, मुलगी. ओळंबा दवाखान्यात जाऊन काचेतून बघून आला. मग ऋतू पालटला, खालच्या दरीतून दुपारी वारा चढायला लागला, आणि फोन आला.

"बाबा, कठडा वाजतोय."

 वाजतोय म्हणजे खडखडतोय, म्हणजे सांधा सुटला. "माझं काम खडखडत नाही," तो म्हणाला.

"खडखडत नाहीये हो. वाजतोय. येऊन ऐका."

तो गेला. वारा सुटलेला होता. गच्चीत पाऊल टाकलं आणि त्याला कळलं की त्याचा कठडा गातोय. प्रत्येक पाइपाचा आपला वेगळा सूर, लांबड्याचा जाड, तोकड्याचा बारीक, आणि सगळे एकाच वेळी. जत्रेत सगळ्यांनी एकदम पिपाण्या फुंकाव्यात, पण कुणी श्वासच घेऊ नये, तसं. सांधे त्याने एकेक हलवून बघितले. सगळे पक्के होते. दोष शोधायला यावं आणि काम निर्दोष निघावं, यासारखी नाचक्की नाही.

"दुपारभर हे असंच," मागून आवाज आला. "बाळ झोपतं तेव्हाच नेमकं. बाळ उठत नाही, पण तुमच्या लेकीची झोप उडते. डोळे बघा तिचे."

ही विहीणबाई. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. प्रश्न विचारून गप्प बसायचं आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे शांत बघत राहायचं, ही त्यांची सवय निवृत्त झाली नव्हती. ओळंबा आयुष्यात सरकारी साहेबांना घाबरला नाही, पण या बाईंसमोर त्याला आपण गृहपाठ विसरून आलोय असं वाटे.

"व्याहीबुवा, स्पष्ट बोलते, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "मी काचवाल्याला रविवारी बोलावलंय. हे काढून तो काच लावून देईल. तिला झोप मिळाली पाहिजे. त्याआधी तुम्हाला काही करता आलं तर मला आनंदच आहे."

"लेक काय म्हणते?"

"ती काय म्हणणार. तुम्ही केलेला आहे ना."

लेकीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत ती पाळण्यावर हात ठेवून पडून होती. डोळे उघडे, आणि त्यांखाली काळी वर्तुळं. "या ना आत, बाबा. हिला घ्या तरी," ती म्हणाली. त्याने आपले हात पुढे करून दाखवले. घासायच्या कामाने काळे पडलेले, बोटांना चिरा, कापडाला लागले तर धागा ओढणारे. "हे हात घेऊन? पोरीला गंज चढेल," तो म्हणाला आणि दारातूनच मागे फिरला. लेक लहान असताना तो तिला घ्यायला गेला की ती भोंगा लावायची, आणि बायको हसत तिला काढून घ्यायची. आता रडणारं मूल काढून घ्यायला ती नव्हती.

रात्रभर त्याने विचार केला आणि त्याला वाटलं, आपल्याला सापडलं. वारा खालून शिरतो आणि वरून निघतो. घरात समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असल्या की कसा सूं करून जातो, तसा. एक खिडकी लावा, झालं काम. दुसऱ्या दिवशी त्याने रबराची बुचं आणली आणि गच्चीत उताणा पडून प्रत्येक पाइपाच्या खालच्या तोंडात ठोकून बसवली. उठून कपडे झटकले आणि वाऱ्याची वाट बघत बसला, एखाद्या पाहुण्याला धडा शिकवायला बसावं तसा.

वारा आला. कठडा वाजला. पण आता तो पिपाण्यांसारखा वाजत नव्हता. तो घुमत होता. प्रत्येक सूर खाली उतरला होता, खोल गेला होता, आणि कानाला लागायचा तो आता छातीला लागत होता. खिडकीची काच बारीक थरथरायला लागली. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून आल्या आणि त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं की तुमच्याकडे पिठाची गिरणी बसवली आहे का.

"आगीतून फुफाट्यात," ओळंबा म्हणाला. "काकू, गिरणी नाही, मीच आहे."

काकू गेल्यावर विहीणबाई गच्चीत आल्या. खाली वाकून त्यांनी ती बुचं बघितली. मग त्या हसल्या. कुचकं नाही, एखादी जुनी मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं. "अगदी एक सप्तक खाली उतरवलात हो," त्या म्हणाल्या. "बसा."

तो बसला.

"आधी पाइप दोन्हीकडून उघडा होता. आत हवा वाऱ्यासारखी आरपार जात नव्हती, ती जागच्या जागी मागेपुढे डुलत होती. दोन्ही तोंडांशी तिला मोकळीक, म्हणून तिथे भरपूर हालायची. मध्यावर दोन्हीकडून दाबली जायची, तिथे मात्र जागची हलायची नाही. कळतंय?"

"मध्ये भिंत असल्यासारखी."

 "बरोबर. भिंत असल्यासारखी. मग समजा तिथे खरंच भिंत घातली आणि खालचा अर्धा पाइप कापून टाकला, तर वरच्या अर्ध्याला काही फरक पडेल का?"

त्या गप्प बसून बघायला लागल्या. ओळंब्याने डोकं खाजवलं. "नाही पडणार. त्याची भिंत होतीच."

"म्हणजे एका बाजूने बंद असलेला अर्धा पाइप आणि दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पूर्ण पाइप, दोघांचा सूर एकच. आता तुम्ही काय केलंत? लांबी तीच ठेवली आणि खालून भिंत घातली. म्हणजे तो आता वाजतोय कसा?"

"दुप्पट लांब असल्यासारखा," ओळंबा सावकाश म्हणाला. आणि मग कपाळावर हात मारला. "विहीणबाई, एवढी वर्षं धंदा करतोय. माल न लावता लांबी दुप्पट केलेला मी पहिलाच."

त्या मोकळेपणी हसल्या. त्यांना हसवलं याचा त्याला जो आनंद झाला तो त्याने लगेच लपवला. पण पुढचा प्रश्न आलाच.

"बूच वरून का नाही घातलंत? वारा फुंकतो तो वरच्या तोंडावर. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा. वर टोपी बसवली असती तर आत्ताच सगळं थांबलं असतं."

 पाण्याचं काहीतरी कारण ओळंब्याच्या जिभेवर आलं होतं. पण बाई बघत होत्या. "चांगला दिसणार नाही," तो शेवटी म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं. गिऱ्हाइकांना तो इतकी वर्षं सांगत आला होता की दिसण्याला काय चाटायचंय. "ती तोंडं... त्यांवर टोप्या घातल्या की पुन्हा तुरुंगच. मग काचच लावा, ती बरी."

त्याला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. कठड्याच्या त्या वरखाली जाणाऱ्या रेघेकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रविवार अजून लांब आहे."

एवढं शिकल्यावर माणसाने शिकवणाऱ्यालाच पुढचं विचारावं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला ओळंबा घरी गेला आणि स्वतःच्या बुद्धीने पुढे निघाला. कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की कापूस आवाज खातो. झालं. जुनी उशी फाडली, तिचे बोळे केले, आणि दुसऱ्या दुपारी लांब गजाने एकेक बोळा पाइपात पार तळाशी, बुचाला टेकेपर्यंत दाबून बसवला. तळाशी का, तर वरून दिसू नये. गच्चीभर कापूस उडाला. लेक खिडकीतून म्हणाली, "बाबा, उन्हात किती वेळ? आत बसा ना जरा." तो म्हणाला, "एवढं झालं की आलोच." ते झाल्यावर आणखी काहीतरी निघालं, आणि तो आत गेला नाही.

वारा आला, कठडा घुमला. आदल्या दिवशी घुमला होता तसाच. एका पैचा फरक नाही.

ओळंबा फरशीवर मटकन बसला. केसांत कापूस, मिशीत कापूस. त्याला वाटलं, काचवाला येईल, आपल्या पाइपांकडे बघेल, आत डोकावेल आणि खाली उशी बघून विचारेल, हे कुणाचं काम? त्याला स्वतःचं हसू आलं आणि मग ते मध्येच राहिलं. हा कठडा जाणार होता. आयुष्यात एक वस्तू मनापासून केली, जिच्यासाठी केली तिचीच झोप तिने उडवली, आणि आता ती रविवारी भंगारात जाणार होती. त्याला खरंच वाईट वाटलं. इतकं, की त्यावर विनोद सुचेना.

विहीणबाई कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आल्या. बहुधा बराच वेळ दारात उभ्या असाव्यात. दोरीचं एक टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं हातात धरून ठेक्यात हलवायला सुरुवात केली. दोरी आधी वेडीवाकडी उसळली, मग त्यांचा हात जमला आणि तिचे दोन फुगे झाले, एक वर असला की दुसरा खाली. मधला एक ठिपका जागच्या जागी.

"तो मधला बिंदू चिमटीत धरा," त्या म्हणाल्या.

त्याने धरला. दोरी आपली नाचत राहिली, जणू तो तिथे नव्हताच.

"आता सोडा. आणि फुगा आहे तिथे हात लावा."

त्याने हात लावला. दोरी तिथल्या तिथे मेली.

"तुमचा बोळा कुठे आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

ओळंब्याने पाइपाच्या तळाकडे बघितलं. बूच आहे तिथे हवा हलूच शकत नाही. ती जिथे मुळीच हलत नव्हती, नेमकी तीच जागा शोधून त्याने तिथे उशी दिली होती. "रोग रेड्याला, औषध पखालीला," तो म्हणाला.

"हवा हलते तोंडाशी. तिथे तिच्या पायात काहीतरी अडकवा. तोंड बंद नको करायला, नुसतं तिला धावताना बोचेल असं काहीतरी. आणि पावसात कुजायला नको." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात भांडी घासायची तारेची घासणी होती.

ओळंब्याने घासणीकडे बघितलं, मग आपल्या त्या आरशासारख्या तोंडांकडे बघितलं. "चार आठवडे पॉलिश केलं," तो म्हणाला, "आणि आता घासणी."

"बोटभर खाली सारा. वाकून बघितल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. आणि खालची बुचं काढून टाका, नाहीतर पाणी साचून डास होतील."

शनिवारी तो वाण्याच्या दुकानातल्या सगळ्या घासण्या उचलून घेऊन आला. दुकानदाराने विचारलं, काय हो, घरात काय लग्न उपटलंय का. हा म्हणाला, हो, माझ्याच अकलेचं. दुपारभर बसून त्याने आधी आपलं आधीचं सगळं काम उलटं केलं. बुचं काढली, उशी बाहेर ओढली. मग घासण्या उलगडून, सैल करून, प्रत्येक तोंडात बोटभर खाली बसवल्या. इतक्या दिवसांच्या खटपटीतून त्याच्या स्वतःच्या डोक्यातलं कठड्यावर काहीच उरलं नाही, याची त्याने मनात नोंद घेतली.

मग वारा आला. दरीतून वर चढून तो नेहमीसारखा गच्चीवर आला, वाळत घातलेली दुपटी हलली, आणि कठडा गप्प होता. ओळंब्याने पाइपाला कान लावला तेव्हा आत एक अगदी हलका श्वास ऐकू आला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. त्याने सगळे पाइप ऐकले. मग कौतुक करायला कुणी येतंय का म्हणून वळून बघितलं. कुणीच नव्हतं. लेक आत झोपली होती. तोंड उघडं टाकून, गाढ. लहानपणी झोपायची तशीच. त्याने पावलं न वाजवता सामान पिशवीत भरायला घेतलं.

पाना ठेवताना खण्णकन आवाज झाला आणि आतून लेकीचा आवाज आला. झोपेने जड. "आई, बाबा गेले का?"

"निघालेत," विहीणबाई म्हणाल्या. "झोप अजून. कठडा थांबला बघ."

"थांबला?"

या एका शब्दात जो आनंद असायला हवा होता तो ओळंब्याला काही ऐकू आला नाही. तो दारात येऊन उभा राहिला. "थांबला," तो म्हणाला. "आता कधीच वाजणार नाही."

लेक उठून बसली. "मग आता तुम्ही कशाला याल?"

"येईन की. काही बिघडलं की फोन कर, लगेच येतो."

हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. प्रत्येक वेळी निघताना तो तेच बोलत आला होता आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. लेकीने त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मी काय काय बिघडवू, बाबा?" ती म्हणाली. "ती बिजागरी मीच सैल करायचे. दर वेळी. तुम्ही तिथे बोल्ट ठोकून टाकलेत. मग वर्षभर आला नाहीत. कठडा वाजायला लागला तर रोज आलात. झोप जायची माझी, पण तुम्ही यायचात."

 आयुष्यभर स्वतःवर हसायला ओळंब्याकडे काहीतरी तयार असे. आता तो शोधत होता आणि काहीच हाताला लागत नव्हतं. विहीणबाई पाळण्यातली दुपटी सारखी करत होत्या. ती आधीच सारखी होती.

"उद्या येतो," तो म्हणाला.

"उद्या काय आहे?" लेकीने विचारलं.

त्याने सवयीने कठड्याकडे बघितलं. एखादा पाइप जरा कललाय का, एखादी पट्टी पुन्हा घासायला हवी का. सगळं सरळ होतं. "काही नाही," तो म्हणाला. "असाच."

विहीणबाईंनी त्याच संध्याकाळी काचवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी ओळंबा आला तेव्हा त्याच्याकडे पिशवी नव्हती. जिना चढतानाच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. दारात विहीणबाईंनी त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. तो खोलीत जाऊन खुर्चीवर बसला. हात मांडीवर ठेवले. मग खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मग पुन्हा मांडीवर. सकाळी साबणाने तीनदा धुऊनही चिरांमधलं काळं निघालं नव्हतं.

"त्या हातांचं काय करताय?" लेक म्हणाली. "इकडे करा." आणि तिने त्यांत नात ठेवली.

नातीने डोळे उघडले, आजोबा नीट बघितला आणि भोंगा लावला. कठड्याने महिनाभरात काढला नसेल असा आवाज त्या वीतभर देहातून निघाला. ओळंबा जागच्या जागी ताठ झाला. त्याने विहीणबाईंकडे बघितलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने लेकीकडे बघितलं. लेक उशीला टेकली होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते. नातीला परत घ्यायला कुणीच हात पुढे करत नव्हतं.

तेव्हा तो तिला घेऊन उठला आणि, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, तिला कठडा दाखवायला गच्चीत गेला.